झटका मशीनची १२ व्होल्टची बॅटरी सौर पॅनेलला थेट जोडावी का?

कोरडवाहू (बुलढाणा जिल्हा)

नमस्कार. आमच्या हरभऱ्याला रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा फार उपद्रव असल्यामुळे मागील रब्बीत झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारे यंत्र, बसवले. मशीनसोबत १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) सीलबंद बॅटरी आली होती. रोज सकाळी ती घरी आणून चार्जरला लावणे आणि सायंकाळी परत शेतात नेणे काही दिवसांतच अवघड वाटू लागले, म्हणून तालुक्याच्या गावातून ४० वॉटचे सोलर पॅनेल आणले. दुकानदाराने सांगितले की पॅनेल १२ व्होल्टचे, बॅटरीही १२ व्होल्टची, तेव्हा मध्ये काही लावायची गरज नाही. फार तर रात्री करंट उलटा जाऊ नये म्हणून एक डायोड टाका. त्याप्रमाणे डायोड टाकून दोन चिमट्यांनी पॅनेल थेट बॅटरीला जोडले. बॅटरी आणि मशीन दोन्ही बांधावरच्या खांबाला लावलेल्या पत्र्याच्या पेटीत होती.

हंगामभर कसलीही तक्रार आली नाही. फेब्रुवारीअखेर हरभरा निघाला तेव्हा मशीन बंद केले, पॅनेल काढायचे मात्र राहून गेले. जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत पेटी उघडली तर बॅटरीच्या दोन्ही बाजू फुगून ती पेटीत घट्ट बसली होती, वरची पट्टी एका कोपऱ्याने उचकटली होती आणि चिमट्यांवर निळसर हिरवी पूड जमली होती. पॅनेल सोडवून तासाभराने मोजले तेव्हा मीटरने १०.४ व्होल्ट दाखवले. मशीनला जोडताच दोनदा टिकटिक झाली आणि सर्व बंद पडले.

आता हरभऱ्याची पेरणी तोंडावर आहे आणि तशीच नवी बॅटरी आणली आहे. तिच्या अंगावर सायकल यूजसाठी १४.४ ते १५.० व्होल्ट, स्टँडबाय यूजसाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट आणि सुरुवातीचा करंट २.१ अँपिअरपेक्षा कमी, असे छापलेले आहे. यातले कोणते आकडे पाळायचे, हे कळत नाही. जुनी बॅटरी मुळात सदोष होती की माझ्या जोडणीने गेली? मध्ये कंट्रोलर, म्हणजे पॅनेलकडून होणारे चार्जिंग आवरणारे उपकरण, खरोखर लागतो का? आणि घरात फवारणी पंपाच्या ८ एएचच्या दोन बॅटऱ्या आहेत, त्याही याच पॅनेलवर चार्ज करता येतील का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुना निदेशक (नाशिक)

आयटीआयमध्ये अनेक वर्षे वीजतंत्री शाखा शिकवली, त्या सवयीने थोडे लांबण लावतो, त्याबद्दल क्षमस्व.

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहून गेला आहात : मशीन बंद केले आणि पॅनेल काढायचे राहून गेले. बॅटरीत दोष नसावा. हंगामात मशीन रात्रभर जेवढे घेत असे, तेवढे पॅनेल दिवसा भरून काढत असे, आणि भूक असलेल्या बॅटरीने दुपारपर्यंतचा करंट पचवला. मार्चपासून बॅटरी पूर्ण भरलेली, खर्च शून्य आणि विदर्भाचे ऊन डोक्यावर, अशा स्थितीत तिला तीन महिने रोज सक्तीने जेवू घातले गेले.

१२ व्होल्टचे पॅनेल हे त्याचे नाव आहे, व्होल्टेज नव्हे. अशा पॅनेलमध्ये ३६ सेल एकामागोमाग जोडलेले असतात. काहीही न जोडता उन्हात मोजल्यास ते २१ ते २२ व्होल्ट दाखवते आणि पूर्ण ताकदीने काम करताना १७ ते १८ व्होल्टवर चालते. एवढे जास्तीचे व्होल्ट हेतुपुरस्सर ठेवलेले असतात. कारण भर उन्हात पॅनेलचे अंग ६० अंशांपर्यंत तापते तेव्हा त्याचे व्होल्ट दहा टक्क्यांहून अधिक घसरतात, आणि तरीही बॅटरी भरण्याइतके व्होल्ट शिल्लक राहायला हवेत. पॅनेल जोडल्यावर मीटरवर १३ दिसतात, कारण रिकामी बॅटरी पॅनेलला आपल्या पातळीवर खाली ओढून धरते. ती भरत आली की हा लगाम सुटतो. शिशाच्या पट्ट्यांवर रूपांतर करण्याजोगे काही उरत नाही, मग तोच करंट पाण्याचे विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन तयार करू लागतो आणि व्होल्ट १५ च्या वर सरकतात.

पाण्याच्या बॅटरीत अशा वेळी बुडबुडे दिसतात आणि डिस्टिल्ड वॉटर टाकून भरपाई करता येते. सीलबंद बॅटरीत तयार झालेला ऑक्सिजन आतल्या आतच पुन्हा पाण्यात मिसळवण्याची सोय असते, परंतु त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. बॅटरी तापली की त्याच व्होल्टला ती अधिक करंट ओढते, अधिक करंटने आणखी तापते आणि हे चक्र एकदा सुरू झाले की आतला दाब झडपांतून निघून जातो, द्रव सुकतो, प्लॅस्टिक मऊ पडते आणि पोट सुटते. पत्र्याच्या पेटीने या चक्राला हातभार लावला. १०.४ व्होल्टचा अर्थही त्यातूनच लागतो : बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, त्यातला एक कायमचा बसला की उरलेल्या पाचांचे एवढेच राहतात.

आता छापील आकड्यांविषयी. रोज रात्री वापरून रोज दिवसा भरायची बॅटरी ही सायकल यूज होय; ती १४.४ व्होल्टपर्यंत न्यावी आणि तिथे पोचल्यावर करंट आपोआप उतरू लागला की १३.६ च्या आसपास खाली आणावी. मांडणीवर नुसती भरून ठेवायची असेल तर १३.५ ते १३.८ च्या वर जाऊच नये. हे दोन्ही आकडे २५ अंश तापमानासाठी छापलेले असतात, आणि आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. तापमान दर अंशाने वाढेल तसे बॅटरीमागे साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. म्हणजे पेटीत ४५ अंश असतील तर १४.४ ऐवजी १३.९ च्या आसपास थांबणे योग्य. छापलेल्या १५.० या कमाल आकड्याच्या मोहात आपल्या भागात कोणीही पडू नये.

डायोडबद्दल दुकानदाराने अर्धे खरे सांगितले. डायोड रात्रीची गळती थांबवतो. जास्तीचे चार्जिंग थांबवणे त्याचे कामच नाही. कंट्रोलर लागतोच. बाजारात साधा १० अँपिअरचा पीडब्ल्यूएम (करंट झपाट्याने चालू-बंद करून व्होल्ट आवरणारा) कंट्रोलर तीन-चारशे रुपयांत मिळतो, आणि त्यात रात्रीची उलटी गळती रोखण्याचीही सोय असल्यामुळे डायोड काढून टाकला तरी चालेल. मात्र खर्च करण्यापूर्वी मशीनवर पॅनेलसाठी वेगळे टर्मिनल आहे का, ते पाहून घ्या. काही झटका मशीनमध्ये हा कंट्रोलर आतच बसवलेला असतो.

मळेवाला (सातारा)

निदेशक सरांचे विवेचन वाचले, तरीही नम्रपणे मतभेद नोंदवतो. आमच्या गोठ्यातील दिव्यासाठी मी ३ वॉटचे लहान पॅनेल जुन्या यूपीएसच्या २६ एएचच्या बॅटरीला थेट जोडले आहे, मध्ये फक्त डायोड आहे. तीन वर्षे झाली. बॅटरी फुगली नाही, गरम झाली नाही आणि दिवा अजून लागतो. प्रत्येक ठिकाणी कंट्रोलर हवाच असे सांगितल्यामुळे लोक विनाकारण घाबरतात, आणि स्वस्त कंट्रोलर तर स्वतःच वर्षभरात बंद पडतात, असा माझा अनुभव आहे.

पागोळी (चिपळूण)

मळेवाले दादा, आपले म्हणणे आणि सरांचे म्हणणे दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. ३ वॉटचे पॅनेल भर दुपारी जेमतेम ०.१७ अँपिअर देते. २६ एएचच्या बॅटरीपुढे हा करंट एक टक्काही नाही, आणि एवढा बारीक प्रवाह भरलेली बॅटरीसुद्धा आत मुरवून घेते. करंट एएचच्या आकड्याच्या एक ते दोन टक्क्यांच्या आत असेल तर कंट्रोलरवाचून चालते, असा आम्हा बसवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. कोरडवाहू यांचे ४० वॉटचे पॅनेल मात्र सव्वादोन अँपिअर देते आणि बॅटरी ७ एएचची आहे. म्हणजे बत्तीस टक्के. आपल्या गोठ्यातील जोडणी पाहून कोणी त्यांच्यासारखी जोडणी केली तर बॅटरी फुगणारच. आपल्या दिव्यालाही एक सल्ला द्यावासा वाटतो : दिवा काही महिने बंद ठेवणार असाल तर उन्हाळ्यात पॅनेलवर गोणपाट टाका.

मी गेली काही वर्षे कोकणात लहान सौर संच बसवतो, त्यामुळे कंट्रोलर का बंद पडतात याविषयी थोडे लिहितो. निम्म्या वेळा तो जोडण्याचा क्रम चुकलेला असतो. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल आणि शेवटी मशीन. सोडवताना नेमके उलटे. कंट्रोलर बॅटरी पाहूनच संच १२ व्होल्टचा आहे की २४ चा, ते ठरवतो. बॅटरीआधी पॅनेल जोडले तर त्याला २१ व्होल्ट दिसतात आणि तो गोंधळतो. काही स्वस्त कंट्रोलर हेच व्होल्ट पुढे मशीनलाही पाठवतात. पॅनेलला ऊन लागत असताना बॅटरीचा चिमटा निसटला तरी हाच प्रकार होतो, म्हणून शेतातल्या जोडणीत चिमटे वापरू नयेत. बॅटरीच्या पट्टीवर (टर्मिनलवर) बसणारे लग्ज, म्हणजे तारेच्या टोकाला लावायच्या धातूच्या टोप्या, मिळतात, तेच दाबून बसवावेत.

दुसरी चूक खरेदीच्या वेळी होते. हुबेहूब तसाच दिसणारा लिथियम बॅटरीचा कंट्रोलर दुकानात असतो आणि तो १२.६ व्होल्टला थांबतो. त्यावर शिशाची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि ग्राहक मात्र बॅटरी खराब निघाली म्हणून तक्रार करतो. शिशाच्या बॅटरीसाठीच्या कंट्रोलरमध्येही सीलबंद, जेल आणि पाण्याची असे तीन प्रकार निवडता येतात. सीलबंद निवडा आणि निवडल्यावर पडद्यावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता बॅटरीच्या पट्टीवर मल्टिमीटर लावून दुपारी दोन वाजता पाहा, कारण प्रत्यक्ष किती व्होल्टला तो थांबतो हे मीटरच सांगतो. तापमानानुसार व्होल्ट कमी करणारा कंट्रोलर घेतला असेल तर तो बॅटरीच्या शेजारीच लावा. कंट्रोलर घराच्या गार भिंतीवर आणि बॅटरी पत्र्याखाली, असे असेल तर तो भिंतीचे तापमान धरून बॅटरीला चार्ज करील.

आमच्याकडे मात्र रोग उलटा असतो. जून ते सप्टेंबर पॅनेलवर ऊन पडत नाही, रोज थोडे वापरले जाते, पुरते भरले जात नाही आणि बॅटरी अर्धपोटी राहते. त्या स्थितीत पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि श्रावण संपता संपता बॅटरी बसते. फुगत नाही, फक्त मरते. म्हणून मशीन थेट बॅटरीला न लावता कंट्रोलरच्या लोडच्या टर्मिनलला लावावे, म्हणजे बॅटरी उतरल्यावर तो मशीन तोडतो. मूळ सेटिंग बहुधा १०.७ व्होल्ट असते, ती झटका मशीनसारख्या हलक्या भारासाठी फार खाली आहे. ११.८ ठेवा, पुन्हा जोडण्याचा आकडा १२.६ ठेवा. एका रात्री मशीन बंद पडले तर डुकरे येतील हे खरे आहे, परंतु बॅटरी मेली तर ती रोजच येतील.

आणि फ्यूज. ७ एएचची बॅटरी हातात मावते म्हणून तिला खेळणे समजू नये. दोन पट्ट्यांवर पाना पडला तर ती क्षणात शंभराहून अधिक अँपिअर देते आणि पाना तिथेच चिकटतो. धन पट्टीपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज घाला, आणि हातातले कडे, अंगठी काढून मगच काम करा.

कोरडवाहू (बुलढाणा जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या मशीनवर पॅनेलचे वेगळे टर्मिनल नाही, म्हणून १० अँपिअरचा कंट्रोलर आणला आणि मागील आठ दिवसांत जे मोजले ते इथे नोंदवतो.

काही न जोडता पॅनेलने दुपारी २०.६ व्होल्ट दाखवले. कंट्रोलर आणला तेव्हा तो पाण्याच्या बॅटरीच्या सेटिंगवर होता आणि पहिल्याच दिवशी बॅटरीच्या पट्टीवर १४.७ व्होल्ट मिळाले. पडद्यावर त्या वेळी १४.५ दिसत होते. सीलबंद प्रकार निवडल्यावर पट्टीवर १४.४ मिळतात. पत्र्याची पेटी काढून लाकडी खोके केले, त्याला खाली व वर दोन्हीकडे भोके पाडली आणि ते पॅनेलच्याच सावलीत, पण पॅनेलपासून हातभर खाली टांगले. कोंबड्यांच्या उबवणी यंत्रातला तापमापक दोन्हीकडे ठेवून पाहिला : एकाच दुपारी रिकाम्या पत्र्याच्या पेटीत ४६ अंश, लाकडी खोक्यात ३५. एवढा फरक असेल असे वाटले नव्हते. सूर्यास्तानंतर मशीन सुरू न करता चार तासांनी मोजले तेव्हा बॅटरी १२.९ वर स्थिर होती आणि रात्रभर मशीन चालवल्यावर सकाळी १२.४ होती.

आता तीन शंका उरतात. २.१ अँपिअरची छापील मर्यादा आणि पॅनेलचे सव्वादोन अँपिअर यांचे काय करावे? फवारणी पंपाच्या दोन बॅटऱ्या एकत्र जोडून चार्ज कराव्यात का? आणि फुगलेल्या बॅटरीची वरची पट्टी काढून सुईने पाणी टाकले की ती पुन्हा चालते, असे गावातील एक जण सांगतो, त्यात तथ्य आहे का?

जुना निदेशक (नाशिक)

आपण तापमापक लावून पाहिलात, याचे मला विशेष समाधान वाटले. अकरा अंशांचा हा फरक क्षुल्लक नाही. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांनी सीलबंद बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा जुना आणि अनुभवाला उतरलेला हिशेब आहे. मार्चनंतर मात्र आपल्याकडे सावलीतही चाळिशी ओलांडते, त्या वेळी कंट्रोलरचा १४.४ हा आकडा १४.० वर आणा, कारण स्वस्त कंट्रोलर तापमानाचा विचार स्वतःहून करीलच असे नाही.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर व्होल्टला लगाम घालतो, करंटला नाही, म्हणून आपली पहिली शंका योग्य आहे. तथापि धूळ, कलते ऊन आणि तारेची लांबी यांमुळे पॅनेल पूर्ण करंट दिवसातून थोडाच वेळ देते, आणि बॅटरी रात्रीतून फार रिकामी झालेली नसल्यामुळे ती काही तासांत १४.४ गाठून करंट स्वतःच कमी करते. या वर्षी असेच चालू द्या. पुढच्या वेळी मशीनच्या खोक्यात मावत असेल तर १२ एएचची बॅटरी घ्या. तिची मर्यादा ३.६ अँपिअर असते. खरे पाहता आपल्या गरजेला एवढे पॅनेल लागतच नाही. मशीन सरासरी २०० मिलिअँपिअर घेते असे धरले, तर बारा तासांत २.४ एएच खर्च होतात, चार्जिंगमधील तूट धरून पावणेतीन-तीन एएच परत भरावे लागतात, आणि हिवाळ्यातील पाच तासांच्या चांगल्या उन्हात १० वॉटचे पॅनेल ते जेमतेम भरते. ढगाळ दिवसांची सोय म्हणून २० वॉट ठेवले की काम भागते. दुकानदार मोठे पॅनेल विकतो, त्याला दोष देत नाही; मोठ्या पॅनेलला कंट्रोलर लागतो, एवढे त्याने सांगायला हवे होते.

फवारणी पंपाच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडू नका. त्या एकाच दिवशी घेतल्या असल्या तरी एक जास्त वापरलेली असते; तिचा एखादा कप्पा दुबळा झाला असेल तर दुसरी बॅटरी रात्रभर तिच्यात करंट ओतत राहते. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरी, असे करा. पंपाची मोटर दोन-अडीच अँपिअर घेते, आणि ८ एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू वापरल्यास मिळणारा असतो. एवढ्या भाराला प्रत्यक्षात सहाच्या आसपास मिळतात. म्हणून पंपाचा जोर कमी झाल्याचे जाणवताच थांबा, टाकी संपवण्याच्या हट्टाने शेवटचा थेंब काढू नका, आणि त्याच संध्याकाळी नाही तरी दुसऱ्या सकाळी बॅटरी भरायला लावा. फवारणीचा हंगाम संपल्यावर पूर्ण भरून, पंपापासून तोडून, घरातील गार जागी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एक दिवस पुन्हा पॅनेल दाखवा. झटका मशीनच्या बॅटरीलाही हरभरा निघाल्यावर हेच लागू आहे. कंट्रोलर असला तरी उन्हाळाभर ती शेतात टांगून ठेवण्याचे कारण नाही.

सुईने पाणी टाकण्याविषयी : काही बॅटऱ्या त्याने थोडे दिवस चालतात, म्हणूनच ही समजूत टिकून आहे. आपल्या बॅटरीचा एक कप्पा गेला आहे आणि कवच फाटले आहे. तिला पुन्हा चार्जिंगला लावल्यास बाकीच्या पाच कप्प्यांवर १४.४ व्होल्टचा ताण पडेल, म्हणजे प्रत्येकी २.८८, आणि ते जोराने हायड्रोजन सोडू लागतील. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते, आणि झटका मशीनच्या शेजारी ठिणगीला तोटा नसतो. ती पट्टी उघडू नका. अंगावर आलेली पांढरी-हिरवी पूड हातमोजे घालून, खाण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्याने पुसून घ्या, बॅटरी प्लॅस्टिकच्या पिशवीत उभी ठेवा आणि जिथून नवी घेतली त्या दुकानात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि शिशाला भाव असल्यामुळे दुकानदार त्या वजनावर आनंदाने घेतात. भंगारवाल्याला मात्र देऊ नका. तो ती विहिरीच्या कडेला फोडून आम्ल ओततो आणि शिसे तेवढे नेतो, हे मी आमच्याच वस्तीत पाहिले आहे.